वाण आणि गुण
(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत 'जात' हा शब्द दोन खिडक्यांवर विचारला जातो. कॉलेजच्या प्रवेश अर्जाच्या खिडकीवर तो माणसाबद्दल विचारतात आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर बियाण्याबद्दल. "कंची जात पायजे?" असं दुकानदार म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काही वावगं नसतं; त्याला पिशवीवरचं नाव हवं असतं. 'वाण' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. बैलाचा रंग म्हणजे वाण, बियाण्याचा प्रकार म्हणजे वाण, आणि संक्रांतीला बायका एकमेकींना लुटतात तेही वाणच. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली. तिच्यात केवढं शास्त्र दडलेलं आहे हे मला अलीकडे कळलं, आणि तेही माझ्या निरक्षर आजीमुळे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई चौथी शिकली, वडील आठवी, आजीचा अजून अंगठा. माझे विषय मराठी आणि समाजशास्त्र. अशा मुलीनं वार्षिकासाठी ज्वारीच्या बियाण्यावर लिहावं याचं मैत्रिणींना हसू येतं. 'पाऊस'वर लिही, 'आई'वर लिही, असं त्या सुचवतात. पण मी ज्या गोष्टीच्या अंगणात लहानाची मोठी झाले ती हीच आहे. आणि हल्ली ती गोष्ट माझ्या मनात फार घोळते आहे, त्यालाही कारण आहे.

मंगळवेढा तालुक्यात आमची साडेतीन एकर काळी जमीन आहे. हा तालुका ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जातो. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ही ज्वारी रब्बीची. पावसाळा ओसरल्यावर, घटस्थापनेच्या आगेमागे ती पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवरच काढायची. वरून पाणी नाही, आलं तर दव. आमच्याकडे पेरतात ती मालदांडी. याच स्थानिक मालदांडीतून निवड करून मोहोळच्या संशोधन केंद्रात स्वातंत्र्याआधीच 'मालदांडी ३५-१' हा वाण काढण्यात आला, आणि आजही रब्बीच्या ज्वारीत त्याचं नाव अग्रभागी आहे. मालदांडीखेरीज दगडी आहे, कुचकुची आहे, हुरड्यासाठी गूळभेंडी आहे. प्रत्येकीचा दाणा निराळा, कणसाची घडण निराळी, भाकरीही निराळी.

आमच्या घरची मालदांडी मात्र दुकानातून आलेली नाही. ती पणजीच्या हातून आजीकडे आली. पणजीला कुणी दिली ते आजीला सांगता येत नाही. "म्या आले तवा कणगीत हुती," एवढंच ती म्हणते. आजी या घरात आली त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. म्हणजे निदान पन्नास पिढ्या (ज्वारीची पिढी म्हणजे एक वर्ष) हे बियाणं एकाच हाताखालून गेलं आहे. आणि तरी दाणा तोच, मोत्यासारखा गोल, पांढरा आणि चकचकीत. कडबा तोच, उंच आणि गोड. भाकरीचा पापुद्रा तसाच. पन्नास वर्षांत माणसं किती बदलली, घराचं माळवद जाऊन पत्रा आला, पण ही ज्वारी कशी बदलली नाही? 'जसंच्या तसं पेरलं की जसंच्या तसं उगवतं' असं आपण समजतो. ते खरं नाही. नुसतं पेरत राहिलं तर कुठलंही बियाणं चार-पाच वर्षांत ढासळतं. जे टिकलं ते टिकवलं म्हणून टिकलं.

त्याचं कारण ज्वारीच्या फुलोऱ्यात आहे. ज्वारीच्या फुलात स्त्री आणि पुरुष दोन्ही अंगं असतात आणि बहुतेक दाणे स्वतःच्याच परागावर धरतात. पण सगळे नाहीत. साधारणपणे शंभरातले पाच ते पंधरा दाणे वाऱ्यावर आलेल्या परक्या परागाचे असतात. शेजाऱ्याच्या रानात वेगळी ज्वारी असली की ती आपल्या कणसात चोरपावलांनी शिरते. दिसत काहीच नाही. पुढच्या वर्षी ते दाणे उगवले की ओळीत एखादं ताट ढांगुळं वाढतं, एखादं बुटकं राहतं, एखाद्या कणसाचा दाणा पिवळट पडतो. आमच्याकडे याला 'भेसळ' म्हणतात.

आजीचं काम या भेसळीपासून सुरू होतं. डिसेंबरात पोटऱ्यातून कणीस बाहेर पडायला लागलं की ती पहाटेच्या दवात रानात जाते आणि ओळीओळीनं फिरते. जे ताट इतरांसारखं नाही ते उपटून बैलापुढे. फुलोरा कणसाच्या शेंड्याकडून सुरू होतो आणि चार-सहा दिवसांत खाली उतरतो. शेंडा फुलायच्या आत भेसळ निघाली पाहिजे, नाही तर तिचा पराग रानभर झाला म्हणून समजा. हे आजीला कुणी शिकवलं? पणजीनं. पणजीला? तिच्या सासूनं.

मग दाणा भरतो, हुरडा होतो, पाहुणेरावळे येऊन जातात. जानेवारीच्या शेवटी आजी जुन्या लुगड्याच्या चिंध्या कमरेला खोचून पुन्हा रानात शिरते. आता ती बियाण्याची कणसं निवडते आणि निवडलेल्या ताटाला चिंधी बांधते. काढणीच्या दिवशी चिंधीची ताटं आधी कापायची, त्यांची कणसं वेगळ्या गोणपाटावर वाळवायची, मळणीयंत्राला लावायची नाहीत. ती बडवून हातानं दाणा काढायचा, राखेत घोळायचा आणि लिंबाच्या पाल्याचा थर देऊन मडक्यात भरून मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपायचं. (काणी रोग येऊ नये म्हणून पेरणीच्या आधी किलोला चार ग्रॅम गंधक चोळायचं, ही एवढीच कृषी सहायकांची भर, तीही आजीनं एका वर्षी काणी पाहिल्यावर निमूटपणे स्वीकारली.) पेरणीला आठवडा असताना शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधायचे आणि चार दिवसांनी किती उगवले ते बघायचं. मोजायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. शंभराच्या पुढे मोजता येणारी घरातली पहिली बाईमाणूस म्हणून.

ही निवड पाहायला मला फार आवडायचं, कारण तिच्यातलं गणित पटकन कळत नाही. आमच्या रानाच्या पूर्वेच्या बांधाला उकिरड्याचं खत वाहून येतं. तिथली कणसं केवढी टपोरी! माझा धाकटा भाऊ एकदा म्हणाला, "आजी, हे बांधाचं घे की. सगळ्यांत मोठं आहे."

आजी म्हणाली, "त्येला येकट्याला दोघांचं जेवान घावलंय. येका अंगाला शेजार न्हाई, ऊन सगळं त्येचंच, खत बी त्येचंच. मग फुगलं तर त्येचं कसलं कवतिक?"

ती बांधाची चार-पाच हात पट्टी सोडून रानाच्या पोटात शिरते. तिथं दाटीत, चारी बाजूंनी शेजार असताना जे कणीस नीट भरलं आहे ते घेते. आणि आमच्या रानाच्या एका कोपऱ्यात मुरमाड तुकडा आहे. तिथली ज्वारी कमरेएवढीच होते. तिथंही आजी जाते आणि चार-दोन कणसं निवडते. ती काही मोठी नसतात. "हितं एवढं आलं म्हंजी त्येच्यात काय तरी हाय," ती म्हणते.

गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयात मी आनुवंशशास्त्राच्या इतिहासावरचं एक पुस्तक सहज चाळायला घेतलं आणि ते मला आजीच्या रानातच घेऊन गेलं. डेन्मार्कमध्ये विल्हेल्म योहान्सन नावाचा एक शास्त्रज्ञ होऊन गेला. घरची परिस्थिती नसल्यामुळे त्याला विद्यापीठात जाता आलं नाही. औषधांच्या दुकानात तो उमेदवारी करत शिकला. त्यानं घेवड्याच्या एका वाणाचे दाणे घेतले आणि १९ झाडांपासून १९ वेगळे वंश चालवले. प्रत्येक वंशातले जड दाणे वेगळे पेरले, हलके वेगळे पेरले. त्याला काय आढळलं? वंशावंशांत फरक होता, तो पुढच्या पिढीत उतरला. पण एकाच शुद्ध वंशातला जड दाणा पेरा की हलका, मुलांचं सरासरी वजन सारखंच. म्हणजे तो जडपणा वाणाचा नव्हता, जागेचा होता. कुणाला शेंगेत जास्त जागा मिळाली, कुणाला कमी. हे त्यानं १९०३ साली प्रसिद्ध केलं आणि पुढे १९०९ मध्ये त्यानंच 'जीन' हा शब्द दिला. आत जे असतं आणि बाहेर जे दिसतं ते वेगळं, आणि दोहोंना वेगळी नावं हवीत, असं त्यानं म्हटलं. मला वाटलं, आपल्याकडे ती नावं होतीच की! आत असतं ते वाण, बाहेर येतो तो गुण. पवळ्याला ढवळ्याचा गुण लागला तरी त्याच्या वासराला तो लागणार नाही. आजी बांधावरचं कणीस सोडते, कारण त्याचा गुण बांधाचा आहे, वाणाचा नाही.

त्याच पुस्तकात मेंडेल भेटला. बारावीपर्यंत विज्ञान घेतलेल्यांना तो ठाऊक असेल; मला तो नवा होता. तो शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षकाच्या परीक्षेत तो नापास झाला होता. ब्रनो इथल्या मठाच्या बागेत त्यानं वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६६ साली ते छापले. त्याच्या निष्कर्षांपेक्षा मला त्याची तयारी जास्त आवडली. बियाणं विकणाऱ्यांकडून त्यानं वाटाण्याचे ३४ प्रकार आणले आणि आधी दोन वर्षं ते नुसते पेरून पाहिले, की आईबापांसारखीच मुलं होतात की नाही. जे पारखून उतरले असे २२ प्रकार त्यानं ठेवले, आणि मग प्रयोगाला हात घातला. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती गेली म्हणावं, तर पुढच्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. लपलेला गुण परत आला! पण त्याहून पुढची गोष्ट आहे. त्या गोल दाण्यांतून वाढवलेल्या ५६५ झाडांपैकी १९३ झाडांनी फक्त गोल दाणे दिले, आणि ३७२ झाडांना दोन्ही प्रकारचे दाणे लागले. दिसायला सगळे एकसारखे गोल. पोटात मात्र दोन तऱ्हा. कोणता दाणा कोणत्या तऱ्हेचा हे पाहून कळत नाही. पेरून, त्याची मुलं बघूनच कळतं.

या मेंडेलच्या शिक्षणाचे पैसे संपले तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीनं, टेरेझियानं, आपल्या हुंड्याच्या वाट्यातला भाग भावाला दिला. पुढे त्यानं तिच्या मुलांच्या शिक्षणाला मदत करून ते फेडलं. पुस्तकात तिच्याबद्दल दोनच ओळी आहेत. मी त्या दोनदा वाचल्या.

संकराची गोष्ट निघालीच आहे तर हायब्रीडबद्दल बोललं पाहिजे. आपल्या देशात ज्वारीचा पहिला संकरित वाण, सी.एस.एच.-१, १९६४ साली आला. आजीच्या माहेरी, बार्शीकडे, तिच्या लग्नाआधी तो खरिपात पोचला होता. तिच्या वडिलांनी पेरला. रास पाहून ते हरखले. एवढी ज्वारी त्यांच्या खळ्यावर पूर्वी कधी पडली नव्हती. दाणा पावसात सापडून काळा पडायचा, कडबा आखूड निघायचा, भाकरीला चव नव्हती; पण पोटभर होती. आज बसून हायब्रीडला नावं ठेवणं सोपं आहे. ज्यांच्या घरात दोन वेळची भाकरी नव्हती त्यांनी ती ठेवली नाहीत, आणि मीही ठेवणार नाही.

फक्त एक झालं. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याच राशीतलं बियाणं ठेवून पेरलं, आणि रान विस्कटलं. कुठे उंच, कुठे ठेंगणं. कुठे लवकर, कुठे उशिरा. आजी अजून सांगते, "रान न्हवं, बाजार भरलावता." मेंडेल वाचल्यावर मला त्या बाजाराचं कारण उमगलं. संकरित बियाणं म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वंशांची पहिली पिढी. ती एकसारखी आणि जोमदार असते. पण दुसऱ्या पिढीत आतले लपलेले गुण सुटे होतात. म्हणून दरवर्षी नवी पिशवी. कणगीचं काम दुकानाकडे जातं.

मग संकरातून कायमचा वाण होतच नाही का? होतो, पण सबुरी लागते. झाड स्वतःच्या परागावर धरलं की आतलं मिश्रण दर पिढीला निम्मं होतं. शंभरातलं पन्नास उरतं, मग पंचवीस, मग साडेबारा, मग सव्वासहा. सहाव्या पिढीला दीडच्या आसपास. सहा-सात पिढ्या नेमानं निवड केली की वाण स्थिर होतो. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यातही वाणाची नोंदणी करताना हेच विचारतात. तो इतरांपेक्षा वेगळा आहे का, आपल्यात एकसारखा आहे का, आणि पिढ्यान् पिढ्या तसाच राहतो का. याच कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि छापील नावाची पिशवी न करता विकायचासुद्धा हक्क दिला आहे. हे मी आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजी सरकारनं आता परवानगी दिली म्हण की."

या सहा-सात पिढ्यांच्या नेमात एक गोष्ट पुस्तकानं सांगितली नाही, ती आजीनं सांगितली. बियाणं एकसारखं राहायचं तर आधी निवडणाराचा डोळा एकसारखा राहिला पाहिजे. यंदा मोठ्या कणसाला भुलायचं, पुढल्या वर्षी पांढऱ्या दाण्याला, त्याच्या पुढल्या वर्षी लवकर आलेल्याला, असं करणाऱ्याचं बियाणं कधी ठरत नाही. तिचे निकष ठरलेले आहेत. पोंगेमर झालेल्या ताटाचं कणीस नको. आडवं पडलेलं नको. कणीस फार घट्ट नको, आत अळी बसते. फार विरळही नको. दाणा बोंडातून सहज सुटला पाहिजे. आणि मडकं लिंपण्याच्या आधी त्याच कणसांतले मूठ-दोन मूठ दाणे जात्यावर दळून भाकरी करून खायची. 'वाण तोंडानं बी बगाय लागतो' हे तिचं तत्त्व. अजून एक. ती कधी पाच-दहा उत्तम कणसांवर थांबत नाही. दोन एकराला आठ किलो बी लागतं, आणि दुबार पेरणीची पाळी आली तर म्हणून तेवढंच आणखी. त्यासाठी तीनशेच्या आसपास कणसं, तीही रानाच्या सगळ्या भागांतून. "येकाच आईची लेकरं असली की येकाच दुखण्यानं समदी जात्यात," ती म्हणते. एकसारखेपणा हवा, पण एकच नको. ही बारीक रेघ तिनं पन्नास वर्षं सांभाळली आहे.

१९७२ चा दुष्काळ तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या आजीनं या घरात पाहिला. रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं. खडी फोडायची, सुकडी खायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणायचा. त्याच्या भाकरीची आठवण काढली की आजी अजून तोंड वाकडं करते. त्या वर्षी घरात बियाण्याची दोन मडकी होती. आजोबांची लहान भावंडं रात्री भुकेनं रडायची. पणजोबा एकदा मडकं फोडायला उठले, तर पणजी त्यावर बसून राहिली. "आज खाल्लं तर ही आज जेवतील. पाऊस पडल्यावर काय पेरशील?" रात्रभर ती उठली नाही. त्याच १९७२ साली हैदराबादजवळ पटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिथल्या थंड कोठारांत आज ज्वारीचे हजारो नमुने जपून ठेवले आहेत. मला या योगायोगाचं नवल वाटतं. दोन्हीकडे काम एकच होतं. एकीकडे सरकारं होती आणि दुसरीकडे एक उपाशी बाई.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या घरी टीव्हीवर ते सगळ्यांनी पाहिलं. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हिची सासू चांगली असंल." मला हसू आलं, आणि मग विचारात पडले. आमच्या ज्वारीचा वंश शुद्ध आहे, पण ती राखणाऱ्यांचा? पणजी एका गावची, आजी दुसऱ्या, आई तिसऱ्या. एकीचंही रक्त दुसरीत नाही. पन्नास-शंभर वर्षं हे बियाणं परक्या घरून आलेल्या मुलींनी राखलं, आणि ते रक्तानं नाही तर शिकवण्यानं पुढे गेलं. वाण नाही, गुणच लागला. आणि त्या गुणानं वाण वाचवला.

आता माझ्या मनात हे सारं का घोळतं आहे ते सांगते. दिवाळीत आमच्याकडे एक पाहुणे स्थळ घेऊन आले होते. मला चहा घेऊन बाहेर बोलावलं. नाव, शिक्षण, उंची, रंग. मला चिंधी बांधायला आल्यासारखं ते बघत होते. मध्यस्थ म्हणाले, "घराणं बघूनच आणलंय. खाण तशी माती. बी चांगलं असलं की झालं." शिक्षण पुढे चालू ठेवायचं की नाही हा प्रश्न त्यांनी हसून टोलवला. तेव्हा दाराआडून आजी म्हणाली, "नुसतं बी चांगलं असून भागतंय व्हय? पेरणार कुटल्या रानात, त्ये बी सांगा की." बैठकीत शांतता पसरली. वडिलांनी मग सुपारी पुढे केली आणि बी.ए. झाल्याशिवाय विषय काढायचा नाही, असं सांगून टाकलं.

ज्वारीचं शास्त्र माणसाला लावता येत नाही, हे आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी वर्गात फार चांगलं समजावलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण लिहिलं, जे होऊ दिलं गेलं नाही आणि त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात त्यांनी नेमका हा मुद्दा घेतला आहे, की जाती म्हणजे वंशशुद्धी राखण्याची योजना आहे या म्हणण्याला काहीही आधार नाही. ते ऐकताना मला मुरमाड तुकड्यातली कणसं दिसत होती. माणसांच्या बाबतीत आपण उलटंच करतो. बांधावर वाढलेल्याचं मोठेपण त्याच्या वाणाच्या खात्यावर मांडतो आणि मुरमातल्याचं खुजेपण त्याच्याही वाणाच्या खात्यावर. आजीइतका न्याय तरी आपण करावा. निकाल लावण्यापूर्वी ताट कुठे उभं होतं ते बघावं. 'जात' हा शब्द दोन्ही खिडक्यांवर सारखा असला तरी कणसात जे खरं आहे ते माणसात खरं नाही. माझी आजी एका जातीचं बियाणं पन्नास वर्षं शुद्ध ठेवते आणि संक्रांतीला उरलेल्या बियाण्याच्या पुड्या सुगडाबरोबर पाच घरी वाण म्हणून देते. कोणत्या पाच घरी, हे ठरवताना ती जात बघत नाही. कुणाच्या रानात ओल आहे ते बघते.

पण एक अडचण आहे आणि तिचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आमच्या साडेतीन एकरांत ज्वारी दोन एकर असायची. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी त्यातल्या एका एकरात ऊस लावला. माझ्या वसतिगृहाची आणि कॉलेजची फी त्याच उसाच्या बिलातून भरली जाते. मी तक्रार कशी करू? ज्वारीनं आमची पोटं भरली, पण रोख पैसा दिला नाही. रान जितकं लहान तितका परका पराग आत शिरणं सोपं, आणि बांधाची पट्टी सोडली की मधली जागा कमी उरते. उद्या उरलेल्या एकरातही ऊस आला तर पन्नास वर्षांचा हा वंश एका मोसमात संपेल, आणि तो संपल्याचं बाहेर कुणाला कळणारही नाही. आजीला विचारलं तर ती म्हणते, "अर्धा येकर ऱ्हाऊ द्या मधी, तेवढ्यात बी राखता येतंय." वडील हो म्हणाले आहेत. सध्या तरी.

दुसरं असं, की आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन काढणीनंतर ठरलं आहे. यंदा तिला लांबून ताटाचा रंग दिसत नाही. दाणा ती बोटांनी चाचपते. म्हणून मी एका शंभरपानी वहीत तिचे सगळे निकष लिहून काढले आणि तिला वाचून दाखवले. तिनं चार ठिकाणी दुरुस्ती केली आणि म्हणाली, "लिवलंस ते बरं केलंस. पर वही रानात येत न्हाई." मग धाकट्या भावाला हाक मारली. तो आठवीत आहे. "हे बायकांचं काम आहे," तो म्हणाला.

"भाकर फकस्त बायकाच खात्यात व्हय रं?" आजी म्हणाली.

गेल्या रविवारी मी गावी गेले होते. माझा शाळेतला निळा गणवेश फाडून आजीनं चिंध्या केल्या होत्या. भाऊ पुढे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून आजी मागे, असे दोघं ओळीत शिरले. तो ताट दाखवायचा, ती कणसावरून बोटं फिरवून हो किंवा नाही म्हणायची. दुपारपर्यंत तिचं नाही म्हणणं कमी होत गेलं. मी बांधावर बसून अभ्यास करत होते. मार्चमध्ये परीक्षा आहे.

"आजी, किती झाली म्हणजे पुरे?" त्यानं मधूनच ओरडून विचारलं.

"दीडशे," आजी म्हणाली. "आन त्या मुरमाकडं बी जायाचं हाय आजून."